कॉलेज रोडला मुलाखत आहे, विषय करिअर-वारसा-कुटुंब-स्टाईल. आमच्या घरात नाटकातलं कुणीच नाही, वारशावर बोलू काय?

पंचवटीची_पोर

नमस्कार मंडळी, मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी, पण आज अडलंय म्हणून धागा काढतेय. मी नाशिकचीच, नाटकात आणि मालिकांमध्ये काम करते. नाव सांगत नाही कारण सांगून उपयोग नाही, तुमच्यातल्या निम्म्या लोकांना चेहरा आठवेल आणि नाव कुणालाच आठवणार नाही, 'ती नाही का ती, हिरोईनची मावशी' हेच माझं नाव आहे आणि आता मला ते चालतं.

तर झालंय असं की कॉलेज रोडच्या एका महिला मंडळाने गप्पांच्या कार्यक्रमाला बोलावलंय. तासभर मुलाखत, मग प्रश्नोत्तरं. त्यांच्या सेक्रेटरी बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर चार मुद्दे पाठवलेत, करिअर, वारसा, कुटुंब आणि 'तुमची पर्सनल स्टाईल'. आणि खाली गुलाबाचं फूल.

करिअरचं मी झोपेतही बोलेन. शालिमारला साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रापासून सुरुवात, पहिल्या नाटकात तीन वाक्यं होती आणि त्यातलं एक मी खाल्लं होतं, मग पुढे मोठ्या भूमिका, मग मुंबईच्या एका व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंट म्हणून घुसले, दौरे, नाटकाच्या बसमध्ये सेटच्या पुठ्ठ्यांना टेकून झोपणं, मग मालिका, घोडबंदर रोडचे सेट, आणि पॅकअप झालं की मिळेल ती गाडी धरून कसारा घाट चढून घरी. हे सगळं मस्त सांगता येतं, लोक हसतात पण.

पण वारसा? माझे बाबा नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये होते, आई घरी, आजी त्र्यंबकची, तिला नाटक सिनेमा म्हणजे 'थेरं'. आमच्या सात पिढ्यांत कुणी तोंडाला रंग लावलेला नाही, शिमगा सोडला तर. मी काय सांगणार, की माझ्या रक्तात अभिनय आहे? रक्तात हिमोग्लोबिन पण धड नाहीये.

आणि स्टाईल. अहो मी दिवसाचे बारा-तेरा तास दुसऱ्या बाईची साडी, दुसऱ्या बाईचं मंगळसूत्र आणि दुसऱ्या बाईचा अंबाडा घालून बसलेली असते, सेटवरून सुटले की ढगळ सुती कुर्ता आणि पायात साध्या चपला. ही काय स्टाईल म्हणून सांगायची का? बहीण म्हणते पैठणी नेसून जा, नाशिकची आहेस. मी नेसले तर थेट मालिकेतूनच उठून आल्यासारखी दिसेन.

कुटुंबाचं तर मला आधीच माहितीये काय विचारणार. 'मिस्टरांना चालतं का?' नवरा अंबडला कंपनीत आहे, शिफ्ट करतो, त्याला आजवर कुणी विचारलं नाही की मिसेसना तुमची नाईट शिफ्ट चालते का.

तर जाणत्या लोकांनी सुचवा, वारसा आणि स्टाईल या दोन गोष्टींवर खोटं न बोलता काय बोलता येईल. गोडगोड नको, तसलं मी रोज पाठ करून बोलतेच.

---

गोदाकाठचा_म्हातारा

ताई, आजी त्र्यंबकची आणि तुम्ही म्हणता वारसा नाही? दादासाहेब फाळके कुठले हो? त्र्यंबकेश्वरचेच, ३० एप्रिल १८७०. आणि गेले ते पण नाशकातच, १६ फेब्रुवारी १९४४. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे तिथे आपण पोरांना घेऊन जातो, भेळ खातो आणि परत येतो, त्या माणसाने या गावात काय केलं हे आपल्याला कुठे ठाऊक असतं.

आता तुमच्या कामाचं ऐका. १९१३ मध्ये फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र केला तेव्हा तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. सगळीकडे फिरले, नाचगाणं करणाऱ्या बायकांकडे सुद्धा विचारून झालं, त्यांनी पण नकार दिला, म्हणजे विचार करा सिनेमाची इज्जत काय होती. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ मिळाले, ते झाले तारामती. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या लंका दहनमध्ये राम पण केला आणि सीता पण केली, एकाच सिनेमात!

पण मधे एक गोष्ट घडली आणि ती नाशकात घडली. हरिश्चंद्र चालला, फाळके मुंबईचा पसारा आवरून नाशिकला आले आणि पुढचा सिनेमा केला मोहिनी भस्मासुर. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. भारतीय सिनेमात कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या पहिल्या बायका म्हणून या मायलेकींचं नाव घेतात. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोरीला एकटीने वाढवत होत्या, आणि त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईने असलं काम केलं म्हणून समाजाने जे काय बोलायचं ते बोललाच. कमला तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. त्याच पुढे कमलाबाई गोखले, त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. आणि गंमत बघा, सिनेमात पुरुष बायका होत होते त्या काळातली ही बाई, हिने रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिका केल्या.

म्हणजे मालिकेत 'हिरोईनची मावशी' होऊन कॅमेऱ्यापुढे उभं राहायची जी काय सोय तुम्हाला आहे ना, तिची सुरुवात तुमच्याच गावात झाली. हे सांगायला गोखल्यांच्या घरात जन्म घ्यावा लागत नाही.

अजून एक नाव घ्या, फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. सिनेमासाठी दागिने तर त्यांनी दिलेच, पण साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, युनिटचे कपडे धुवायचे, रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडायची, आणि उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, म्हणजे आज तुमच्या सेटवर लाईटवाले थर्माकोल धरतात ते काम. यातल्या कशालाही पडद्यावर नाव नाही. त्यांची मुलगी मंदाकिनी १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये कृष्ण झाली होती, ती लहानगी पोर आजही बघायला मिळते, त्या सिनेमाचा बराच भाग शिल्लक आहे, काय गोड हसते.

बरं शिरवाडकर आणि कानेटकर दोघेही याच गावात बसून नाटकं लिहीत होते, कानेटकर तर एचपीटी कॉलेजला शिकवायचे, ते सांगत बसलो तर रात्र जाईल. तुम्ही मायलेकींचं सांगा.

---

तिसरी_घंटा

काकांनी लिहिलं ते छान आहे पण माफ करा, महिला मंडळाच्या कार्यक्रमात १९१३ पासून सुरू केलंत तर पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेत डबे उघडतील. इतिहास तोंडी लावण्यापुरता ठेवा.

मी बारा गावचं पाणी प्यालेला बॅकस्टेजवाला आहे, माझं ऐका. लोकांना दोनच गोष्टी ऐकायच्या असतात, सेटवर कोणाचं कोणाशी पटत नाही आणि पैसे किती मिळतात. पहिलं तुम्ही सांगणार नाही, सांगू पण नका, उद्या काम करायचंय. मग दुसरं सांगा! हे कुणीच सांगत नाही. सगळ्या अभिनेत्री 'स्ट्रगल' म्हणतात आणि पुढच्या वाक्यात पुरस्कार. मधे काय झालं? भाडं कोण भरत होतं?

नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रयोग संपला की पाकिटात हातात येते, ती बरी. मालिकेचं दिवसावर असतं, आज काम केलं तर पैसे तीन महिन्यांनी, आणि ते पण प्रोडक्शनवाला सरळ असेल तर. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही, कथेतला आपला ट्रॅक संपला की दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. समोर बसलेल्या बायकांच्या पोरी उद्या रील बघून 'मला अ‍ॅक्टिंग करायचंय' म्हणणार आहेत, त्यांना हे कळू दे की.

आणि वारसा विचारताय ना, मग सांगतो. तुमचे बाबा प्रेसमध्ये होते. सरकारी पगार, वेळच्या वेळी. स्पर्धेच्या नाटकाला एक रुपया मिळत नाही, उलट वर्गणी काढून रिक्षाने सेट न्यावा लागतो, तालमी दोन-दोन महिने. ही सगळी वर्षं तुम्ही जेवत कुठे होतात? घरीच ना? मग बाबांच्या पगारावर नाटक झालं. त्या सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर सिनेमा झाला तसंच. झाला तुमचा वारसा, लिहून घ्या.

---

येवल्याची_सून

पंचवटीताई मी तुम्हाला ओळखलंय, नाव नाही घेत, पण ते तुमचं पोळीला तूप लावता लावता टोमणे मारायचं काम आमच्या घरात सगळ्यांना आवडायचं, सासूबाई तर टीव्हीशी भांडायच्या.

त्यावरूनच आठवलं, सासवांचा विषय निघाला आणि ललिता पवारांचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणजे कमाल झाली. त्या आमच्या येवल्याच्या, जन्म १८ एप्रिल १९१६, मूळचं नाव अंबा सगुण, वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार. लहानपणीच मूकपटात आल्या, पुढे नायिका झाल्या, चांगल्या देखण्या होत्या, गाणी म्हणायच्या. मग १९४२ मध्ये एका शूटिंगला मास्टर भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती, ती जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीन वर्षं उपचार, आणि तो डोळा कायमचा बारीक झाला. नायिका म्हणून सगळं संपलं. त्यानंतर जे काय काम केलं ते तुम्हाला माहितीच आहे, त्या एका डोळ्यावर अख्ख्या देशाने खाष्ट सासू ओळखली. अनाडीमधल्या मिसेस डिसाला फिल्मफेअर मिळालं, १९६१ ला संगीत नाटक अकादमी, आणि म्हातारपणी रामायण मालिकेत मंथरा, त्या पिढीच्या पोरांना त्या मंथरा म्हणूनच ठाऊक. आमच्या गल्लीतल्या पोरांना विचारा, एकाला माहीत नाही की त्या आपल्या गावच्या.

तुम्ही स्वतः मावशी-काकू करता म्हणून सांगतेय, ज्या भूमिकांना लोक 'साईड' म्हणतात त्यात पन्नास वर्षं कशी काढायची हे त्या बाईंनी दाखवलंय. वारसा वारसा म्हणतात तो मला तरी हाच दिसतो.

आता पैठणी. बहिणीचं ऐका हो. माझ्या सासरी माग आहे, मी लग्न होऊन आले तेव्हा मला पण वाटायचं काय ते तेच मोर तेच काठ, पण मागावर बसलं की कळतं. पदरावरचा एकेक मोर हाताने धागे घालून भरावा लागतो, नक्षी भरगच्च असेल तर दिवसभरात बोटभर काम पुढे सरकतं. खरी ओळखायची तर उलटी करून बघा, हातमागाची पैठणी मागून पण पुढच्यासारखीच दिसते, मशीनच्या साडीला मागे धाग्यांचा गुंता असतो. मालिकेत तुम्हाला नेसवतात त्या शंभरात नव्वद सेमी, म्हणजे मशीनच्या असतात, म्हणून तुम्हाला 'मालिकेतल्यासारखं' वाटतं. खरी एकदा नेसा, अंगावर पडतेच वेगळी. नाशिकच्या अभिनेत्रीने नाशिक जिल्ह्याची पैठणी नाही नेसायची तर कुणी नेसायची. हवं तर मी देते, नेसून परत द्या, फक्त परफ्यूम मारू नका त्यावर.

---

कपडेपट_बाई

मी उलट बोलणार आहे, येवल्याच्या ताई रागावू नका.

मी बरीच वर्षं मालिकांच्या कॉश्च्यूम डिपार्टमेंटला असिस्टंट होते, आता गंगापूर रोडला ब्लाऊज शिवते. पंचवटीताईंना जे वाटतंय ना की सेटवरचे कपडे आपले नाहीत, ते शंभर टक्के खरंय आणि ते स्टेजवर सांगण्यासारखं आहे, कारण बघणाऱ्यांना वाटतं बाई आवडीने नटलीये. लूक टेस्टला चॅनलचे लोक असतात, प्रोडक्शन असतं, डायरेक्टर असतो, डिझायनर असतो, ज्या बाईने ते अंगावर घालायचंय तिला सगळ्यात शेवटी विचारतात, विचारलं तर. चांगली आई असेल तर फिके रंग, सुती काठापदर, छोटी टिकली. कारस्थानी काकू असेल तर गडद रंग, मागे खोल गळा, मोठी टिकली, कानात झुंबरं. टिकलीच्या साईजवरून प्रेक्षक ओळखतात बाई कशी आहे ते. बारीक चौकडी, बारीक पट्टे चालत नाहीत, कॅमेऱ्यात थरथरतात, पांढरंशुभ्र दिलं तर लाईटमध्ये फाटतं, म्हणजे नुसतं भगभगतं. एकच दुपार कथेत आठवडाभर चालली की तीच साडी आठवडाभर, त्याच निऱ्या, तीच पिन त्याच जागी, रोज फोटो काढून मॅच करायचं, आणि उन्हाळ्यात त्या साडीचा वास काय येतो ते ड्रेसदादा आणि ती बाई दोघांनाच माहीत.

मग अशी बाई घरी येऊन ढगळ कुर्ता घालते तर ती तिची स्टाईल का नाही? तेवढाच एक कपडा तिने स्वतः निवडलेला असतो.

आणि जुन्या लोकांचं बोलायचं तर बालगंधर्व घ्या. १९१३ मध्येच, म्हणजे काकांच्या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळी निघाली. गंधर्व साडी कशी नेसतात, गजरा कुठे माळतात, नाकात काय घालतात हे बघून चांगल्या घरच्या बायका तसं करायला लागल्या. पुरुषाने बाई कशी दिसावी ते ठरवलं आणि बायकांनी ते उचललं! आता चॅनल ठरवतं. फरक काय पडला?

स्मिता पाटील मात्र वेगळी. दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, कॅमेऱ्यात कमरेवरचं दिसतं ना तेवढं बास. खानदेशातल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी, घरात राजकारण, समाजकार्य, हिला नटण्यामुरडण्याची काडीची हौस नाही, आणि तरी हातमागाच्या साड्या म्हटल्या की अजून लोक तिचाच फोटो काढतात. ती बाई १९८६ ला गेली.

म्हणून म्हणते, कुर्ता घालून जा. पैठणी नेसलात तर पहिली दहा मिनिटं साडीवरच जातील, कुठून घेतली, कितीला घेतली, आमच्याकडे स्वस्त मिळते.

---

येवल्याची_सून

कपडेपट, रागावले नाही, पण दहा मिनिटं पैठणीवर गेली तर काय बिघडलं? मागावर बसणाऱ्या माणसाबद्दल कुणी दहा मिनिटं बोलत असेल तर बोलू दे की. टीव्हीवरच्या होम मिनिस्टर कार्यक्रमामुळे घरोघर पैठणी कळली, नाही असं नाही, पण विणतं कोण ते कुणी विचारलं?

---

पंचवटीची_पोर

अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू, शूटला ब्रेकमध्ये वाचतेय, मेकअपदादा विचारतोय काय एवढं हसताय.

काका, दुर्गाबाईंचं मला फक्त नाव माहीत होतं, नाशिकचं कनेक्शन अजिबात माहीत नव्हतं. हे मी सांगणारच, डबे उघडले तर उघडू दे.

येवल्याच्या ताई, ललिताबाईंचं वाचून शांत बसले थोडा वेळ. आमच्याकडे थोबाडीत मारायचा सीन असला की समोरचा अ‍ॅक्टर दहा वेळा विचारतो 'ताई कुठे उभं राहू', आणि हात गालापासून वीतभर लांबून जातो, आवाज नंतर घालतात. हे आपोआप आलेलं नाही, कुणाच्या तरी डोळ्याने किंमत मोजलेली आहे.

तिसरी घंटा, तुमचं टोचलं. टोचायचंच होतं तुम्हाला. बाबा मला कधीच म्हणाले नाहीत की नाटक कर, पण नको पण म्हणाले नाहीत. तालमीला जाताना 'पैसे आहेत का' एवढंच विचारायचे, आणि त्यांना माहीत असायचं की नाहीत. मला मुंबईत पहिल्या मालिकेचे पैसे तीन महिने आले नव्हते तेव्हा रूमचं भाडं त्यांनीच पाठवलं, निवृत्तीनंतर. आईला न सांगता. आईला ठाऊक होतंच. हे मी आत्तापर्यंत कुठल्याच मुलाखतीत बोललेले नाही, कारण मुलाखतीत बाबांनी नाटकाला विरोध केला किंवा प्रोत्साहन दिलं असं काहीतरी एक लागतं, आमच्या बाबांनी दोन्ही केलं नाही, ते मनीऑर्डरचं काम करत राहिले. आता ते बोलायचं तर त्यांना आधी विचारते, ते समोर बसणार आहेत.

अजून एक अडचण, लेक. दहावीत आहे, तिने सरळ सांगितलंय की माझं नाव, माझी शाळा, माझे मार्क यातलं काही स्टेजवर काढायचं नाही. आणि मंडळाच्या बाईंना 'आई म्हणून तुम्ही' हाच भाग मोठा हवाय, मिस्टर आणि मुलीला पण स्टेजवर बोलवू म्हणतात. नाही कसं म्हणू? म्हटलं तर म्हणतील टीव्हीत गेली आणि डोकं चढलं.

---

निवेदिका_नाशिकरोड

हे माझं क्षेत्र! मी असल्या मुलाखती घेते, लग्नाच्या वाढदिवसापासून साहित्य संमेलनापर्यंत माईक हातात धरलाय. पंचवटीताई, नाही म्हणायचं ते आत्ता म्हणा, फोनवर, स्टेजवर नाही. मुलाखत घेणारीला तिचे प्रश्न आधी मागून घ्या आणि त्यातले दोन-तीन काढायला सांगा, यात अपमान काही नाही, उलट तिचं काम सोपं होतं. मुलगी स्टेजवर येणार नाही, कारण परीक्षा आहे. दहावी म्हटलं की नाशकात कुणीही पुढे एक शब्द विचारत नाही.

'घर कसं सांभाळता' हा प्रश्न तरी येणारच, तो तुम्ही थांबवू शकत नाही, समोरून प्रेक्षकांतून येईल. तेव्हा दुर्गा खोटे काढा. १९३२ चा अयोध्येचा राजा, त्यात त्या तारामती. म्हणजे काकांनी सांगितलं ना, १९१३ मध्ये जी तारामती अण्णा साळुंक्यांनी केली, तीच भूमिका १९ वर्षांनी दुर्गाबाई खोट्यांनी केली, लाडांच्या घरातली मुलगी, सेंट झेवियर्सला शिकलेली. आणि कशासाठी आल्या सिनेमात? हौस म्हणून नाही. सासरची श्रीमंती गेली होती, दोन मुलं होती, आधी शिकवण्या करून बघितल्या. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. म्हणजे घर सांभाळायलाच त्या कामावर गेल्या. पुढे १९८३ चं फाळके पारितोषिक मिळालं त्यांना. हे सांगितलं की 'काम करून घर कसं सांभाळता' विचारणाऱ्या काकू गप्प होतात, मी दोनदा प्रयोग करून बघितलाय.

नवऱ्याच्या नाईट शिफ्टचं जे तुम्ही वर लिहिलंय ते पण बोला, हशा हमखास, फक्त नवऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांचा चेहरा बघून लोक हसतील आणि तुमचा जोक जाईल.

कपड्याचं माझं मत कुणी विचारलेलं नाही पण माईक कॉलरचा असेल तर कुर्त्याला नीट लागतो, साडीच्या पदरावर लावला की पदर घासतो आणि तासभर खरखर. हातातला माईक मिळाला तर काहीही नेसा.

---

गोदाकाठचा_म्हातारा

तिसरी घंटा, डबे उघडले तर मी मागे बसून बंद करायला लावेन. महिला मंडळात पुरुषांना प्रवेश आहे का तेवढं कळवा.

---

कपडेपट_बाई

बाबांना विचारा पण एकदा नाही म्हणाले तर सोडून द्या हां ताई. माझ्या वडिलांचं मी एकदा एका कार्यक्रमात असंच बोलले, कौतुकानेच बोलले, ते महिनाभर माझ्याशी तुटक वागत होते. त्या पिढीला पैशाचं चारचौघांत काढलेलं आवडत नाही, दिलेलं असलं तरी.

---

पंचवटीची_पोर

अपडेट. सेक्रेटरी बाईंना फोन केला, चांगल्या निघाल्या हो, म्हणाल्या मुद्दे त्यांच्या सुनेने बनवलेत. लेक सुटली. नवरा येणार पण खाली बसणार.

बाबांना विचारलं. पेपर वाचत होते, म्हणाले 'मनीऑर्डर नव्हती, बँकेतून पाठवले होते, सांगायचं तर नीट सांग.' म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरून चाललेय. रक्कम सांगू नको म्हणाले.

कपड्यांचं ठरलं. येवल्याच्या ताई पैठणीबद्दल मनापासून आभार, पण तासभर परक्या पैठणीवर चहा सांडेल या भीतीने माझ्या तोंडून वाक्य निघणार नाही. कुर्ता पण नको, आई म्हणाली स्टेजवर घरातल्यासारखी जाऊ नकोस, तिचं ऐकावं लागतं. मेन रोडवरून घेतलेली एक माझी निळी सुती साडी आहे, सेटवर दोन वेळा नाकारली गेलेली, एकदा 'फार डल आहे' म्हणून आणि एकदा 'हिरोईनचा रंग आहे' म्हणून. तीच नेसते आणि ही दोन्ही कारणं सांगते. पैठणीच्या मागामागचं पण सांगेन, उलटी करून बघायचं पण सांगेन, समोरच्या निम्म्या बायका तिथेच पदर उलटे करून बघणार आहेत, मजा येईल.

काका, पुरुषांना प्रवेश आहे, मागच्या तीन रांगा.

---

तिसरी_घंटा

फुकट आहे का तिकीट आहे? आणि सुरू किती वाजता होणार ते खरं सांगा, पत्रिकेतलं नको.

---

पंचवटीची_पोर

फुकट. पत्रिकेत पाच, दीपप्रज्वलन आणि तीन सत्कार धरून सहाच्या आधी माझ्या हातात माईक येत नाही. चहा शेवटी आहे, आधी विचारू नका.